बोगद्यातून गेलेली फाइल

४ मे
आज बैठकीत साहेब माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांदेखत म्हणाले, गेटवरचा फवारणीचा बोगदा मॅडमच्या डोक्यातून निघाला, मी होकार दिलाच नव्हता. दिला होता. म्हणून आजपासून सगळं लिहून ठेवणार.

कोर्टाने आमच्या आरोग्य खात्याला बजावलं आहे: साथीच्या नावाखाली माणसांवर जंतुनाशक फवारलं जातं, त्याबद्दल तीस दिवसांत नियम करा. मसुदा माझ्याकडे. चार ओळींचं काम. फवारणी बंद, एवढंच. गुरुवारी आदेश निघेल.

गेटवरच्या पहारेकऱ्याला तसं सांगितलं. बिचारा दिवसभर बोगद्याच्या तोंडाशी बटण दाबत उभा असतो. डॉक्टर म्हणाले म्हणे, फवाऱ्यापासून लांब राहा, नाहीतर नजर जाईल. ड्यूटी बदलून मागत होता. म्हटलं, गुरुवारपर्यंत कळ काढा.

७ मे, गुरुवार
सही झाली. साहेब पलीकडच्या इमारतीत बसतात, मी स्वतः गेले. येताना बोगदा. फाइलही त्यातूनच आणायची हा नियम माझाच, आणि नवा आदेश निघेपर्यंत जुना पाळायलाच हवा. टेबलावर पोचेपर्यंत सहीचं निळं तळं. साहेबांची शाई हलकी असावी.

११ मे
पुन्हा सही. पुन्हा तळं. माझ्या हाताखालची कारकून म्हणाली, मॅडम, प्लास्टिकच्या पिशवीत घाला ना. विचारलं, मग फाइल निर्जंतुक कशी होणार? तिने पिशवी परत खणात ठेवली. पटलं असावं.

माझ्या निळ्या साडीवर पांढरे ठिपके. मुलगी म्हणाली, आई, डिझाइन छान आहे. उगाच चिडवते.

१५ मे
मसुदा एकतीस पानं. घाईत केलेले नियम टिकत नाहीत. छत्री उघडून जाणाऱ्यावर फवारणी झाली असं धरायचं का, यावर वेगळं परिशिष्ट जोडलं.

पहारेकऱ्याने विचारलं, मॅडम, गुरुवार म्हणालात तो नेमका कुठला? दुर्लक्ष केलं.

२० मे
पहारेकऱ्याने आपल्या मनाने अर्धा तास फवारा बंद ठेवला. लोक हसत-खिदळत आत आले. शिस्त म्हणून राहिली नाही. त्याला मेमो दिला. म्हणाला, तुम्हीच वाचून दाखवा मॅडम, मला अक्षरं लागत नाहीत. स्पष्ट आवाजात वाचून दाखवला. दोनदा.

२२ मे
पहारेकरी आजारपणाच्या रजेवर. बटणावर उभं राहा म्हटल्यावर अख्ख्या ऑफिसची कंबर एकदम धरली. शेवटी मीच उभी राहिले. पाच तास. डोळे जरा चुरचुरले. चष्म्याचा नंबर बदलला असेल.

२६ मे
सकाळी शिपायाला साहेब समजून नमस्कार केला. त्यानेही केला. मसुदा बेचाळीस पानं. शेवटची सात नीट दिसली नाहीत, पण लिहिली मीच, तेव्हा बरोबरच असणार.

२ जून
अक्षर मोठं काढते आहे. उजव्या डोळ्यावर पट्टी. डॉक्टर म्हणतात नजर परत येईल, पण महिनाभर फाइल नाही.

काल माझ्या गैरहजेरीत कारकूनबाईने साहेबांना फोन करून गेटबाहेर बोलावलं. एक पान, चार ओळी, बॉलपेन. दहा मिनिटांत सही झाली आणि बोगदा बंद. ओळी माझ्याच होत्या, पहिल्या दिवसाच्या. नोंद असावी.

आज विभागाचा कार्यभार तिच्याकडे सोपवला. दिलं ते असं:
कपाटाच्या किल्ल्या, दोन.
बोगद्याचं बटण, तारेसकट.
मसुदा, बेचाळीस पानं. पैकी वाचता येण्याजोगी अकरा.
पहारेकऱ्याचा मेमो. रद्द करून.

मिळालं ते: डोळ्यांत घालायच्या थेंबांची अर्धी बाटली. पहारेकऱ्याने घरी आणून दिली. म्हणाला, मला आता लागत नाही, मॅडम. बाटली निर्जंतुक केलेली नव्हती. घेतली.