अकराव्या सरावाची उत्तरं

प्रिय खारूताई,

पेन्सिली कुरतडणं सोडून तुला बरीच वर्षं झाली, पण माझ्या लेखी तू खारूताईच. पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्यापेक्षा जास्त ती स्वतः कुरकुरते. फोनवर बोलायला गेलो की तू 'बाबा, तो विषय बंद' म्हणतेस आणि चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलंय असं सांगून मोकळी होतेस. म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप. विषय तोच आहे, शिक्षक होण्याच्या प्रवेशपरीक्षेचा. फॉर्म भरायची मुदत वीस तारखेपर्यंत आहे. रागावलीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

मागे एकदा तू मला चांगलंच सुनावलंस, की इंग्रजीचा पेपर मी देऊन बसले, तुम्हाला त्यातलं काय कळतं? झोंबलं, कारण खरं होतं. छापखान्यात तीस वर्षं काढली, आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग प्रुफं तपासली. ढिगाने इंग्रजी पुस्तकं हाताखालून गेली, पण इंग्रजी मला येत नाही. मूळ प्रत डावीकडे, प्रूफ उजवीकडे, अक्षराला अक्षर जुळलं की पान पुढे. अर्थाशी मला काही कर्तव्य नव्हतं आणि त्याची कधी लाजही वाटली नव्हती. तू बोललीस तेव्हा वाटली. मग ठरवलं, आता शिकायचंच, अठ्ठावन्नाव्या वर्षी तर अठ्ठावन्नाव्या वर्षी.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना गाठलं. त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं, मग अट घातली की एकही दिवस बुडवायचा नाही. नऊ महिने झाले, बुडवलेला नाही. कामावर जायच्या आधी रोज सकाळी एक तास त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. पुस्तक आपल्याच छापखान्याचं, तेच निळ्या पुठ्ठ्याचं, जे मी तुला ऐटीत आणून दिलं होतं. वाक्यरूपांतराने माझा घाम काढला. होकारार्थी वाक्याचं नकारार्थी करायचं आणि अर्थ मात्र तोच ठेवायचा, हे म्हणजे तुझ्या आईच्या 'मी कुठे काय म्हणतेय?'सारखं. काळ त्याहून खट्याळ. क्रियापदांची तिन्ही रूपं मी मशीनच्या खडखडाटात मोठ्याने घोकतो, तर बाइंडर मला आता साहेब म्हणतो. म्हणू दे. सुरुवातीला दहातलं एक बरोबर यायचं, आता सात येतात. चुकलेलं वाक्य मी दहा वेळा लिहून काढतो.

गेल्या महिन्यात अकरावा सराव आला. पंचवीस वाक्यं साध्या भूतकाळात बदलायची होती. हा काळ मी घोटून घोटून पक्का केला होता. बाईंनी वही तपासून पंचवीसच्या पंचवीस बरोबर दिली आणि मी हवेत! घरी येऊन सवयीने पुस्तकामागची उत्तरसूची काढली, तर एकही उत्तर जुळेना. जिथे तिथे 'हॅड' घुसलेलं. तसाच उलट पावली वर गेलो आणि बाईंशी वाद घातला, माझ्याच बरोबर उत्तरांच्या विरुद्ध, पुस्तकाच्या बाजूने. छापलेलं चुकणार नाही, मी स्वतः तपासलंय, असं ठणकावून सांगितलं. त्यांनी दोन्ही पानं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, प्रश्न एका काळाचा आहे, उत्तरं दुसऱ्याच काळाची आहेत, तुम्हीच वाचा. तीस वर्षांत पहिल्यांदा मी माझं प्रूफ जुळवण्याऐवजी वाचलं. बाईंचं बरोबर होतं.

छापखान्यात जाऊन जुनी आवृत्ती शोधली. तिच्यात तो प्रश्न पूर्ण भूतकाळाचा होता. नव्या आवृत्तीत लेखकाने प्रश्न बदलला, उत्तरं बदलायला विसरला, आणि मी ती जुन्या उत्तरांशी अक्षरन् अक्षर ताडून पास केली. सहा वर्षं आम्ही तेच छापतोय. मालक म्हणाले, अहो, एकाची तरी तक्रार आलीय का? मी म्हटलं, माझी आलीय. दुरुस्तीची चिठ्ठी छापून घेतली आणि गोदामातल्या एकूण एक प्रतीत स्वतःच्या हाताने चिकटवली, बोटं सोलून निघाली तरी. ज्या शाळांनी पुस्तकं नेली त्यांनाही माझ्या सहीने पत्रं गेली. फक्त जिला सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, तिला लिहायचा तीन आठवडे धीर झाला नाही.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी हाच सराव करून तू वही माझ्यापुढे धरली होतीस. मी उत्तरसूची हातात घेऊन एकेका वाक्यावर फुली मारत गेलो. तू हळूच म्हणालीस, बाबा, मला वाटतं माझंच बरोबर आहे. मी म्हणालो, छापलेलं खोटं आणि तू खरी का? जरा डोकं वापर. तू रबराने सगळं खोडलंस, सूचीतली उत्तरं उतरवून काढलीस आणि पाठ केलीस. परीक्षा चार गुणांनी गेली, ती तेवढ्यानेच गेली असं मी म्हणणार नाही. पण आपल्याला इंग्रजीचं डोकंच नाही हे तुझ्या मनात भरवलं ते मी, आणि तेही मला त्यातलं ओ की ठो कळत नसताना. चुकलो गं. रविवारी माळ्यावरून तुझी वही काढली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. तू पेन्सिल दाबून लिहायचीस, त्यामुळे खोडलेल्या अक्षरांचे वळ कागदावर अजून आहेत. एकेक अक्षर लावत तुझी पहिली उत्तरं वाचली आणि या खेपेला सूची न बघता तपासली. मग बाईंकडूनही तपासून घेतली. पंचवीसपैकी तेवीस बरोबर आहेत, पोरी. परीक्षेला बसायचं की नाही ते तू ठरव, मी फोनवर पुन्हा विषय काढणार नाही. बसायचं नसेल तर हवं ते कारण सांग, मी मान्य करीन. पण 'मला येत नाही' हे कारण मी ऐकून घेणार नाही. तुला येत होतं.

तुझाच,
बाबा