धोंड्याच्या वाणात स्पंज

॥ श्री ॥
सायखेडा, ता. निफाड
दि. २४ मार्च १९९९

रा. रा. व्याहीबुवा जीवनराव यांस,
सायखेड्याहून सावळीरामचा रामराम वि. वि.

इकडं समदं खुशाल हाय. लग्नाला महिना झाला, शुभांगी घरात चांगली रुळली. मी सात यत्ता शिकलेला माणूस, जसं बोलतो तसंच लिहितो. हसू आलं तर हसा, व्याह्याला हसायचा तुम्हाला हक्क हाय.

तुमच्या रुखवताची चर्चा गावात अजून चालू हाय. लोक रुखवतात लाडवांची बैलगाडी मांडतात, मण्यांचे मोर मांडतात. तुम्ही मांडली काचेची पेटी, नऊ जित्त्या माशांसकट! आम्हाला विहिरीतली पाणबुडी मोटार तेवढी ठावी. पाण्यात बुडून गुरगुरणारा तो बोटभर फिल्टर पाहून आमची मंडळी चाट पडली. पोरंबाळं तर सोडाच, पण सोसायटीचे चेअरमनसुद्धा दोनदा येऊन, पेटीपुढं बसून, चहा पिऊन गेले.

फिल्टरची काळजी तुम्ही करायची नाय. ती सेवा मी माझ्याकडं घेतली. आमच्या टोमॅटोच्या ठिबकला पण फिल्टर हाय. त्याची जाळी रोज सकाळी धुतली नाय तर नळ्या तुंबतात आणि झाडं वाळतात. तोच न्याय पेटीला लावला. पयल्या दिवशी स्पंज पिळला तर काय घाण निघाली म्हणता! आता रोज हौदाच्या धारेखाली नवा कोरा दिसेस्तोवर पिळतो आणि कुंपणाच्या तारेवर तासभर कडक उन्हात वाळवतो. साबण लावत नाय बरं का, माशांचं मला तेवढं कळतं.

दोन मासे गेले. नव्या जागी तेवढं व्हायचंच. सोमनाथला म्हटलं, सासऱ्याला कळवू नको, पण मीच कळवून बसलो. विहीणबाईंना नमस्कार सांगा, आणि लोभ हाय तो ठिबकसारखा थेंब थेंब पण रोज चालू ठेवा.

आपला व्याही,
सावळीराम


सायखेडा
२० एप्रिल १९९९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आईच्या गुडघ्याला आता कसं आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. सातपूरच्या कारखान्यातली सगळी बातमी लिहिलीत, अगदी नव्या लेथ मशीनचा रंगसुद्धा! असो. मी ठीक आहे, हे वाक्य आईला वाचून दाखवा आणि पुढचं एकट्यानं वाचा.

बाबा, नऊ माशांचे तीन राहिले. पाणी पांढुरकं होतं, मासे वर येऊन तोंड उघडतात आणि दुसऱ्या दिवशी एक जण आडवा. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे नानांची मोठी बहीण, ठमाआत्या, इथंच असतात आणि घरात त्यांचा शब्द चालतो. परवा त्या सासूबाईंना म्हणाल्या की, पोरीबरोबर आलेला जीव या उंबऱ्यात टिकत नाही, हा पायगुण काही बरा नव्हे. या घरची रीत अशी की, लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात टोमॅटोचं पहिलं रोप नव्या सुनेनं लावायचं. आत्यांनी सांगून टाकलं की यंदा शुभांगीचा हात रोपाला लागायला नको. सासूबाईंनी मान डोलावली. त्या तरी काय बोलणार म्हणा!

मासे का जातात ते मला ठाऊक आहे. लहानपणी मी आपल्या पेटीचा स्पंज नळाखाली धरला होता, तेव्हा तुम्ही हातावर चापट मारली होतीत, ती अजून लक्षात आहे. इथं तो रोज धुतला जातो आणि वर उन्हात वाळतो! पहिल्याच आठवड्यात मी तुमच्या जावयांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नानांना तूच सांग. माझ्यासमोर एवढ्या गप्पा मारतात, पण नाना समोर आले की यांची बोबडी वळते. एकदा मी स्पंज पिठाच्या डब्यामागे लपवला. नानांनी अख्खं घर शोधलं आणि सापडल्यावर पीठ लागलं म्हणून दुप्पट धुतला. घ्या!

मी का सांगत नाही, ते ऐका. रोज दुपारी लाइट जाते. फिल्टर बंद पडला की नाना शेतातलं काम टाकून येतात आणि पेटीशेजारी स्टुलावर बसून तांब्यानं पाणी उचलून वरून सोडत राहतात, माशांना हवा मिळावी म्हणून. एक तास, कधी दीड तास. पोरीच्या माहेरची ठेव आहे, असं म्हणतात. या घरात मला पोरी म्हणून हाक मारणारे ते एकटेच आहेत. आपल्याच हातानं मासे गेले हे त्यांना कळलं तर काय वाटेल हो त्यांना? आणि आत्या त्यांना जन्मभर ऐकवतील. त्यापेक्षा पायगुणाचं माझ्यावर राहू दे, बोलतील चार दिवस.

पण बाबा, ते रोपाचं मात्र मनाला फार लागलं. रडले मी. नानांना यातलं काही लिहायचं नाही, तुम्हाला माझी शपथ. आईला माझा नमस्कार, आणि लेकीवरची माया होती तेवढीच राहू द्या, जास्त झाली तर मला इथं करमणार नाही.

तुमची,
शुभांगी


सातपूर, नाशिक
२७ एप्रिल १९९९

चि. सौ. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद.

बापाला शपथ घालतेस? बरं, घातलीस तर घातलीस. तुझं नाव मी घेणार नाही आणि नानांना दोष देणार नाही, हे वचन. बाकीचं माझं मी बघतो. तीस वर्षं कारखान्यात साहेबांच्या चुका साहेबांना न दुखवता दुरुस्त करत आलोय. एका साहेबाला तर अजून वाटतं की ते मशीन त्यानंच सुधारलं.

मुलीकडच्या माणसानं व्याह्याची चूक काढायची म्हणजे विस्तवाशी खेळ, हे मलाही कळतं. पण तुझ्या पायगुणावर बोट ठेवलेलं वाचून मला दिवसभर जेवण गेलं नाही, हेही लिहून ठेवतो. तुझ्या पायानं आपल्या घरात काय काय आलं ते मला ठाऊक आहे.

तोवर दोन कामं कर. खाणं अगदी चिमूटभर दे, तेही एक दिवस आड. आणि रोज अर्धी बादली जुनं पाणी काढून विहिरीचं ताजं पाणी घाल. तीन मासे कसेही करून तगव. १६ मेपासून अधिक महिना लागतोय, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायला मला कुणाची परवानगी लागत नाही. आई आतापासूनच अनारशांचे तांदूळ मोजतेय. तिचा गुडघा बरा आहे. नव्या लेथचा रंग हिरवा आहे.

तुझा,
बाबा


सातपूर, नाशिक
२३ मे १९९९

श्री. सावळीरामनाना यांसी,
जीवनचा कृतानेक नमस्कार वि. वि.

सोमनाथराव धोंड्याच्या जेवणाला आले, पुरणाचे धोंडे पोटभर जेवले, आनंद झाला. रीतीप्रमाणे तेहतीस अनारसे वाणात दिले आहेत. अधिकात वाण जाळीदार वस्तूचं द्यावं म्हणतात. अनारशाला जाळी असते, बत्ताशाला असते. मी म्हटलं, आणखी एक जाळीदार वस्तू देऊ. सोबतच्या किटलीत माझ्या घरच्या पेटीचा जुना स्पंज आहे. काळा आहे, बुळबुळीत आहे, वासही येईल. व्याह्याकडे असली वस्तू पाठवली म्हणून रागावू नका, आधी माझ्या मूर्खपणाची गोष्ट ऐका.

वीस वर्षांपूर्वी मी पहिली पेटी घेतली. फिटर माणूस, मशीनवर धुळीचा कण खपत नाही. रोज फिल्टर खोलायचा, स्पंज लखलखीत धुवायचा आणि मगच ड्यूटीला जायचं. अठरा मासे मारले मी! आमच्या हिला वाटायचं आमच्या घरालाच मासे लाभत नाहीत. शेवटी एका जुन्या मासेवाल्यानं मला वेड्यात काढलं. तो म्हणाला, अरे, हा फिल्टर पाणी नुसतं गाळत नाही, पचवतो. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष खाणारे बारीक जीव त्या काळ्या स्पंजात राहतात. तू रोज त्यांना मारतोस आणि मग मासे का मेले विचारतोस.

तुम्हाला हे मी काय समजावणार! तुम्ही बियाण्याला जिवाणू खत चोळणारे. ठिबकच्या फिल्टरचं काम वेगळं, त्याला फक्त कचरा अडवायचा असतो, तो रोजच धुवायला हवा. हा मात्र विरजणासारखा. भांडं घासून उन्हात वाळवलं आणि विरजण लावलंच नाही, तर दही लागेल का? म्हणून हा जुना स्पंज पेटीत चांगला पिळायचा आणि मग फिल्टरमध्ये बसवायचा. पाणी एक दिवस गढूळ दिसेल. महिन्यानं, पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात एकदा हलका चुबकायचा. बस.

माझ्या अठरा माशांचं कुणाला सांगू नका, कारखान्यात अब्रू आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार. आमची लेक तुमच्या पदरात आहे, तिच्यासकट आम्हालाही तिथंच राहू द्या.

आपला,
जीवन


॥ श्री ॥
सायखेडा
दि. २२ जून १९९९

रा. रा. जीवनराव यांस,
सावळीरामचा रामराम वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण उत्तर नुसतं लिहायचं नव्हतं, आधी करायचं होतं.

तुमचं पत्र ओसरीत बसून वाचलं आणि तुम्हाला लय हसलो. अठरा मासे! आमच्या घरधनिणीला, कलाबाईला, हाक मारून सांगितलं की आपला व्याही एवढा हुशार, पण निव्वळ येडा. ती काय हसली नाय. पाण्याला उठलो तर समोर कुंपणाच्या तारेवर आपला स्पंज. उन्हानं वाळून पापडासारखा कडक झालेला. तारेवरून काढला आणि तसाच वावरात गेलो बघा.

सोमनाथला विचारलं. त्यानं आधी आकाश बघितलं, जमीन बघितली, आणि मग कबूल केलं की शुभांगीनं पयल्याच आठवड्यात त्याला सांगितलं होतं. म्हणजे पोरीला ठावं होतं! रोज सकाळी तिच्या डोळ्यांदेखत मी तिचे मासे मारत होतो, आणि ती मला चहा आणून देत होती. माझ्या बहिणीचे, ठमाआक्काचे, पायगुणाचे बोल तिनं खाल्ले आणि माझं नाव घेतलं नाय. जीवनराव, साठ वर्षांत माझ्यावर एवढी माया कुणी केली नाय. माझ्या आईनं केली असंल तर तेवढीच.

तुमचा स्पंज पिळला. काय वास, काय वास! कलाबाई नाकाला पदर लावून अंगणात गेली. तिसऱ्या दिवशी पाणी असं निवळलं की पेटी रिकामी हाय का काय, असं वाटावं. तिन्ही मासे तगले हायत.

अधिक सरला आणि बुधवारी रोपं लावायला घेतली. वाफ्यावर समदी जमली होती, कामाच्या बायापण होत्या. ठमाआक्का ताट, नारळ घेऊन आली आणि पयलं रोप कलाबाईच्या हातात द्यायला लागली. मी मधी गेलो. सगळ्यांदेखत सांगितलं की आक्का, सहा मासे माझ्या हातानं मेले. पेटीचं विरजण रोज मीच धुतलं, उन्हात वाळवलं, आणि बोल खाल्ले पोरीनं. पायगुण काढायचा तर माझा काढ, मी साठ वर्षं ह्या उंबऱ्यातून येतोय-जातोय.

आक्कानं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली की विरजण उन्हात वाळवणारा माणूस तिनं जन्मात बघितला नाय, आणि सावळ्या लहानपणापासून असाच हाय. कामाच्या बाया खो खो हसल्या. मीपण हसलो, काय करणार! आक्कानं कलाबाईच्या हातातलं रोप परत घेतलं आणि शुभांगीच्या ओंजळीत ठेवलं. तोंडानं माफी मागणारी ती नव्हं. पण पोरीच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं सरकला होता, तो तिनं स्वतःच्या हातानं सारखा केला.

पोरीनं रोप लावलं. पेटीतून काढलेलं जुनं पाणी तिनं तांब्यात भरून आणलं होतं, तेच रोपाला घातलं. म्हणाली की माशांच्या पाण्यावर रोप जोमानं वाढतं, बाबा तसंच करतात. आता आक्का रोज तुळशीसाठी ते पाणी मागते आणि दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाय.

रोप लावून झाल्यावर शुभांगी माझ्या पाया पडली. मी म्हटलं, पोरी, मला का नाय सांगितलंस? त्यावर डोळे पुसले आणि म्हणाली की, नाना, आता सांगते, इथून पुढं त्या स्पंजाला हात लावायचा नाही. सगळ्यांसमोर! सुनेनं सासऱ्याला दिलेला पयला हुकूम. मी मान डोलावली. चार महिने पाहुण्यासारखी गप राहिली, आता घरच्यासारखी दटावायला लागली. मला लय बरं वाटलं.

माझ्या सहा माशांचं तुम्ही खुशाल कारखान्यात सांगा, तुमचे अठरा मी गावात केव्हाच सांगितले. एक विचारतो, खरं सांगा. ते अठरा मासे खरंच मेले होते, का माझ्यासाठी मारले? नाय, नका सांगू. असूद्या.

पुढच्या खेपेला तीन नवे मासे आणि विहीणबाईंना घेऊन या. तुमचा लोभ ह्या स्पंजासारखा, कुणी धुऊन घालवू नये, एवढंच मागणं.

तुमचाच,
सावळीराम

ता. क. तुमची किटली सोमनाथबरोबर परत पाठवतो. भांडं रिकामं परत करू नये, म्हणून ठमाआक्कानं त्यात दही लावून दिलंय. किटली तिनंच धुतली, मला हात लावू दिला नाय.