खाणीच्या थांब्यावरचे प्रवासी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा पूर्ण नमस्कार आणि भाऊजींना निम्मा (उरलेला आमची छत्री परत आली की). तुझी कंबर कशी आहे? इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, माझी बायको कुरकुरते आणि मी दोघांचे ऐकतो. काळजीचे काही नाही. मुद्दाम यायची तसदी घेऊ नकोस.

गावची मोठी बातमी म्हणजे बस बदलली. पूर्वी ती ठरल्या वेळी यायची नाही, आता आपण ठरवल्याशिवाय येतच नाही. आदल्या दिवशी फोन करून कोणता थांबा आणि किती माणसे ते सांगायचे, मग सकाळी एक छोटी पांढरी बस न्यायला येते. माणसे कमी पडली तर तीही बंद करू, अशी वरून तंबी आहे. ती बंद पडली तर आईला शहरात शेक घ्यायला नेणार कसे, म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी बसलो. मी, आई, आपला न्हावी आणि इतर चार टाळकी. बस शहराकडे न जाता खाणीच्या रस्त्याला वळली. वाटले, ड्रायव्हर नवीन आहे, चुकला असेल.

पण तो बरोबर थांब्यावर थांबला. तुला ती वसाहत आठवत असेल. दरड कोसळली, खाण बंद झाली आणि वाचलेली माणसे निघून गेली, तेव्हापासून तिथे नुसत्या भिंती उभ्या आहेत (आणि थांब्याची पाटी, कारण ती काढायला कोणी आले नाही). त्याने दार उघडले. ओल्या दगडाचा गार वास आत आला. तो बराच वेळ दाराकडे पाहत मान हलवत होता, बसणाऱ्यांना मोजावे तशी. मग दार लावले. आणि ताई, तोवर हलकी पळणारी ती बस पुढचा चढ रडतखडत चढली.

रोजचेच झाले तेव्हा तक्रार करायला लोकांनी मला पुढे केले (आवाज मोठा असल्याचे तोटे). मी ड्रायव्हरला विचारले, इथे थांबायचे कारण काय. तो शांतपणे म्हणाला की इथून रोज फोन येतो, तर माणसे सोडून जाऊ कसा. कोणती माणसे, असे मी विचारल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे असे पाहिले, जणू मलाच वळण नाही.

"साहेब, पिशवी मांडीवर घ्या," तो म्हणाला. "त्या बाई कधीच्या उभ्या आहेत."

मी घेतली. तूही घेतली असतीस. शेजारची गादी हळूच खाली दबली. शहरात उतरलो तेव्हा माझी डावी बाही दगडाच्या भुकटीने पांढरी झाली होती. न्हावी तर आधीच सरकून बसला होता आणि शेजारी अबोला धरलेला व्याही असावा तसा खिडकीबाहेर बघत होता. पुढे गावाची बैठक झाली. त्या माणसांमुळेच बसची भरती पुरी होते, शिवाय ती थुंकत नाहीत, फोनवर ओरडत नाहीत, म्हणून तक्रार करायची नाही असे ठरले. खिडकीच्या जागा तीच पटकावतात, एवढीच कुरबूर राहिली.

आईला मात्र पहिल्यापासून काहीच वाटले नाही. लग्नानंतर ती त्याच वसाहतीत राहायची. ती मागे वळून गप्पा मारते, उत्तरासाठी थांबते, मध्येच हसते. घरी येऊन माझ्या बायकोला कोणाला मुलगी झाली ते सांगते. बायकोने आता विचारणे सोडले आहे.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ

ता. क. वर 'येऊ नकोस' लिहिले, कारण आई शेजारी बसून वाचत होती. ताबडतोब ये. स्वतःच्या गाडीने ये आणि तिला थोडे दिवस तुझ्याकडे ने. फोन करू नकोस, फोन तीच उचलते.

ता. क. २. पुढच्या आठवड्यात खाणीला उतरायचे आहे म्हणून ती कपडे घड्या करत बसली आहे. तिची जागा रद्द करायला मी गुपचूप फोन लावला. बसच्या जागा नोंदवणारी मुलगी म्हणाली की ज्यांनी सांगितली त्यांनाच रद्द करता येईल. जागा आपल्या गावातून सांगितलेली नाही. खाणीच्या थांब्यावरून सांगितली आहे, आणि परतीची नाही.