कानामागची गाठ

हैदराबाद, १२ मे १९८३

चि. मलप्पास थोरल्या भावाचा आशीर्वाद.

अव्वा शुद्धीवर आहे, घाबरू नकोस. विहिरीला पाणी उरलंय का?

तिच्या कानामागची गाठ म्हणजे सूज नव्हती रे! डोक्यातलं पाणी पोटात उतरवणारी नळी तिथं बसवली होती. हात लावू नका म्हणून बजावलं होतं, तरी तू आपल्या आईच्या कानामागं बिब्बा लावलास! लातूर जिल्हा झाला म्हणून पेढे वाटलेस, तिथल्या एका डॉक्टरला विचारता आलं नाही?

बिब्ब्यानं कातडी फुटली, नळीत पू झाला, नळी काढावी लागली, अन् डोक्यात पुन्हा पाणी साठलं. नळी बसवल्यावर देवळापर्यंत चालू लागलेली सत्तरीतली अव्वा आता पाऊल उचलत नाही. पू गेला तरच दुसरी नळी, असं डॉक्टर म्हणतात.

मला ती ‘कोण रे तू?’ म्हणते. तुझं नाव मात्र विसरली नाही. ‘मलप्पा जेवला का?’ सारखं विचारते.

काय सांगू तिला?

संगप्पा