धवलारणीच्या साडेचार ओळी

नौपाडा, ठाणे
रविवार, ९ जानेवारी १९५५

तीर्थस्वरूप परशुराममामांच्या चरणी (आणि हे पत्र तुमच्याआधी फोडून वाचणाऱ्या मामींच्याही) गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे सुखरूप. तुमचा गुडघा कल्याणच्या थंडीत कसा आहे? दोन वर्षांत मी तुमच्याकडे फिरकलो नाही, याचे कारण कचेरीतले काम असे मी चारचौघांत सांगतो. खरे कारण तुम्हाला ठाऊक आहे, आणि आज ते मलाच लिहावे लागणार आहे.

संगीत विद्यालयाच्या शेवटच्या परीक्षेला यंदा स्वतः संशोधन करून प्रबंध लिहायचा आहे. मार्चअखेर तो दिला नाही तर पदवी गेली आणि पदवीबरोबर शाळेतली संगीतशिक्षकाची जागाही गेली. मग जन्मभर कचेरीत टपाल नोंदत बसायचे. मी पहिला विषय नेला तो ‘भारतीय संगीत : उत्पत्तीपासून आजपर्यंत’. प्राचार्यांनी शांतपणे विचारले, पाने किती? म्हटले, चाळीस. त्यांनी चष्मा काढून ठेवला. (ते चष्मा काढतात तेव्हा समोरच्याने उठून जायचे असते.) दुसऱ्या खेपेला ‘ठाणे जिल्ह्याचे संगीत’ नेले, तेही परत आले. अखेर त्यांनी सांगितले, की विषय नको, एक प्रश्न घेऊन ये, ज्याचे उत्तर तुला आज माहीत नाही. मला माहीत नाही असे काही शोधण्यातच तीन आठवडे गेले, हसू नका.

प्रश्न दिला तो आमच्या कचेरीतल्या सहदेव शिपायाने. त्याचे गाव डोंबिवलीपलीकडे खाडीकाठी, आणि त्याची आत्या गंगुबाई धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात एकेक विधी गाण्यांनी पुढे नेणारी बाई. तिची ओळ कोणत्या सुरावर थांबते आणि का, एवढाच माझा प्रश्न. मग मी तांबड्या-निळ्या पेन्सिलीने वेळापत्रक आखले : आषाढ ते आश्विन गाणी गोळा करणे, कार्तिकात वर्गीकरण, मार्गशीर्षात लेखन. प्राचार्यसुद्धा म्हणाले, आखणी सुबक आहे. भिंतीवर पंचांग लटकत असताना, चातुर्मासात लग्ने नसतात हे मुंज झालेल्या आम्हा दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

आषाढात चिखल तुडवत गेलो. गंगुबाईने चहा दिला आणि विचारले, “लगीन कोनाचा हाय?” कोणाचेच नाही म्हटल्यावर म्हणाली, “मंग गानां कोनाला?” यावर संशोधनाची माझी सारी पूर्वतयारी संपली. लग्नाशिवाय ती गात नाही. हात जोडले, साखर नेली, अंगणात बसून राहिलो. चार महिन्यांत तिने मला कोलंबी सोलायला शिकवले (हे आईला कळू देऊ नये), पण एक सूर काढला नाही.

मार्गशीर्षात सहदेवच्या बहिणीचे लग्न निघाले. मी पेटी, वही आणि सहा टोकदार पेन्सिली घेऊन बायकांच्या घोळक्यात शिरलो. गंगुबाईचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लागत होता, तो धरता धरता पाचवी ओळ निम्म्यात निसटली. मी सवयीने ओरडलो, “परत म्हणा!” गंगुबाई म्हणाली, “मास्तर, वळ परत म्हनली त पोरीचा लगीन परत लावाला लागंल. लावशील तू?” पुढे मला नवरीच्या चार मामांनी उचलून जेवणाच्या पंगतीत नेऊन ठेवले. वाढले मात्र प्रेमाने.

तर आजची स्थिती अशी, की प्रस्तावना एकतीस पाने आणि गाणी साडेचार ओळी. मला असे माणूस हवे, जे बायकांत बसू शकेल आणि एकदा ऐकून सूर पकडू शकेल. असे एकच माणूस मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तुमच्याच ओटीवर मुलगी पाहायला आलो आणि तिला धीर यावा म्हणून मी आधी गाऊन दाखवले, तेव्हा पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता तुमच्या शेजारची वासंती म्हणाली, “पंचम जरा उतरलाय.” मी दोन बशा पोहे खाल्ले आणि ठाण्याला येऊन कार्ड टाकले, की मुलीला संगीताची समज नाही. मामा, त्या कार्डाची मला आज लाज वाटते.

आपला आज्ञाधारक,
गुरुदत्त

ता. क. गंगुबाई कोणाच्याही लग्नात येऊन गायला तयार आहे. अट एकच, नवऱ्या मुलाने मधे बोलू नये.

ता. क. २ : पौष निम्मा सरला. वासंतीचे कुठे ठरले नसेल, तर फाल्गुनातला एखादा मुहूर्त पाहावा. केवळ प्रबंधाच्या सोयीसाठी म्हणतो. तत्पूर्वी तिला सांगावे, की मी पंचम पेटीवर ताडून पाहिला, उतरलाच होता.

ता. क. ३ : पाकीट बंद करताना सुचले, की बोहल्यावर नवऱ्याला वही-पेन्सिल घेऊन बसता येत नाही, आणि नवरीलाही नाही. म्हणजे प्रबंधाला या लग्नाचा काडीचाही उपयोग नाही. मुहूर्त मात्र पाहावा.