एकतीस तासांचे वीस

डीमन, ११ मार्च २००६

ती. बाबांना आसावरीचा सा. न. वि. वि.

तुमच्या जावयाचा, निहारचा, सायकलवरून पडून मुरगळलेला पाय बरा आहे, तो ऑफिसला जायला लागला. माझी नवी नोकरी मात्र घशाखाली उतरत नाही. आमची कंपनी करते काय, असं तुम्ही विचारलंत. काहीच नाही, बाबा. इमारत एकाची, सफाईचं कंत्राट दुसऱ्याचं, माणसं तेवढी आमच्या पटावर. मी त्यांच्या पगाराच्या स्लिपा काढते.

परवा त्यातलीच एक, शोभा, ऑफिसात आली. सुरिनाम या डचांच्या जुन्या वसाहतीतली, पणजोबा बिहारमधून मजूर म्हणून तिथे गेलेले, त्यामुळे तिची बोली आणि माझं हिंदी जुळतं. झुइडास या इथल्या ऑफिसांच्या भागातल्या एका टॉवरमध्ये ती पहाटेपासून सफाई करते. स्लिप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, आठवड्याला एकतीस तास राबते, इथे वीसच कसे? मी आमच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, हिशेब खोल्यांवर आहे. तेवढ्या खोल्या वीस तासांत व्हायला हव्यात, होत नसतील तर बाई हळू आहे. पगाराला वीसने भागलं की किमान वेतन बरोबर बसतं! सफाई कंपनी म्हणते ती आमची नाही, टॉवरवाले म्हणतात आम्ही ओळखत नाही. आणि तो वीसचा आकडा टाइप करते मी.

तीस वर्षं लेबर ऑफिसात तुम्ही हेच तपासलंत. आता सांगा, काय करू?

आईला नमस्कार. उत्तराला उशीर करू नका.

तुमची,
आसावरी

पुणे, २७ मार्च २००६

चि. आसावरीस मोरेश्वरचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई म्हणते, मुलीने परदेशात जाऊनही बापाचंच ऑफिस थाटलं. ती हसली, मला हसू आलं नाही.

सत्त्याऐंशी साली भोसरीच्या एका कारखान्यात मी नव्वद माणसं मोजली. पटावर चाळीस. मालकाने ठेकेदाराकडे बोट दाखवलं, ठेकेदाराने दुसऱ्या ठेकेदाराकडे. वरिष्ठ म्हणाले, पटावर आहे तेच लिहा. मी लिहिलं. बाहेर अरुण नावाच्या कामगाराने विचारलं, साहेब, मी तुम्हाला दिसलो ना? मी स्कूटर सुरू केली. हे तुझ्या आईलाही आजवर सांगितलं नव्हतं.

नोकरी सोड असं म्हणत नाही. पण टॉवरच्या दाराला कार्ड लावून आत जात असतील, तर येण्याजाण्याच्या वेळा कुठेतरी उमटत असणार. शोभाताईंना त्या मागायला सांग. जावईबापूंना विश्वासात घे.

दोघं एकमेकांना सांभाळा.

बाबा

डीमन, १९ नोव्हेंबर २००६

ती. बाबांना सा. न. वि. वि.

एवढे महिने फोनवर नुसतं बरं चाललंय म्हणत राहिले, माफ करा. कार्डाच्या नोंदी युनियनच्या वकिलांनी मिळवल्या. सरकारी निरीक्षक येऊन गेले, पण दंड करायचा अधिकार त्यांना नाही. पगाराच्या फरकासाठी शोभालाच कोर्टात जावं लागलं. खोल्यांचे तास ऑफिसात कसे ठरतात, हे सांगायला साक्षीदार हवा होता. मी उभी राहिले. नोकरी जाईल म्हणून निहारने दोन दिवस वाद घातला. तिसऱ्या दिवशी रजा टाकून कोर्टात येऊन बसला.

न्यायाधीशांनी एकतीस तास मान्य केले. आम्ही बाहेर येऊन मिठ्या मारल्या. पंधरा दिवसांत कंपनी बुडाली. बुडाली तीही कागदावरच! त्याच जिन्यावर, त्याच साहेबांची, नव्या नावाची पाटी लागली आहे. माझी नोकरी गेली, आणि शोभाचे पैसे कोणाकडे मागायचे ते वकिलांनाही सांगता येईना.

नव्या कंपनीने शोभाला बोलावलं, त्याच खोल्यांसाठी. तिने सही केली. मी चिडले, पुन्हा त्याच लोकांकडे कशी जातेस म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, तुझ्या घरी नवरा कमावतो, मला डिसेंबरचं भाडं भरायचंय.

काल ती आमच्या घरी आली, तिच्यासोबत टॉवरमधल्या सात जणी. पहिल्या दिवसापासून आपापले तास वहीत लिहितायत. या खेपेला सगळ्या मिळून कोर्टात जायचं म्हणतात. मला विचारलं, आमच्या बाजूने बोलशील ना? हो म्हणाले. निहारने न सांगता आठ जणींचा चहा टाकला.

तुमच्या आशीर्वादाची सध्या फार गरज आहे.

तुमची,
आसावरी