युसूफची गाडी उघडली तेव्हा

३ डिसेंबर १९६३, मंगळवार
आज युसूफ माझ्या दुरुस्तीच्या शेडात आला. हाजीसाहेबांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, कापडदुकानापासून इथपर्यंत काठी टेकत चालत. अकोल्याच्या दवाखान्यातून येऊन त्याला दोन महिने झाले, पण माझ्याकडं पाऊल आज पहिल्यांदा. डावा पाय आखूड झालाय. घोटा वळत नाही.
स्टूल दिलं तर बसला नाही. कोपऱ्यात गोणपाटाखाली त्याची फटफटी आहे, तिकडं पाहत राहिला.
"नारायण, दुरुस्त कर तिले."
म्हटलं, कायले? भंगारात टाक, मोकळा हो.
"तिचा काय कसूर? पडलो मी. माह्याच हातून सुटली ती."
बरं म्हणालो. नाही म्हणायला एकच कारण होतं आणि ते तोंडातून निघालं नाही.

४ डिसें., बुध
गोणपाट उचललं नाही. वडनेर भोलजीहून पंपाचं इंजिन आलंय, दिवसभर त्यातच डोकं घातलं.
वर्ष झालं. अपघात झाला तेव्हा घाटातून बैलगाडीत टाकून आणली होती लोकांनी. उतरवून घेतली, झाकली, संपलं. तेव्हापासून झाडतानासुद्धा त्या कोपऱ्यात जात नाही. बायको, कमल, विचारते, "युसूफभाऊची गाडी कवा उघडता?" उद्या म्हणतो.

६ डिसें., शुक्र
उघडली.
डाव्या अंगानं सगळी खरचटलेली. विलायती, एका सिलेंडरची, शर्यतीसाठी बनवलेली. हँडल खाली वाकलेलं, बसणारा माणूस टाकीवर पालथा पडल्यासारखा बसतो. युसूफनं महूला लष्करातल्या एका साहेबाकडून घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. पण काय पळायची. मोताळ्यात पोरं तिच्या आवाजावरून घड्याळ लावायची, इतका नेमानं तो बुलढाण्याला जायचा.
पाहिलं ते असं: टाकीतल्या पेट्रोलचा वास उतरलेला, तळाला गंज. नळ चोंदलेला. पुढचा फोर्क डावीकडं वाकलाय. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या. प्लगला ठिणगी नाही. पुढच्या ब्रेकची तार तुटलेली.
कार्बोरेटर पाहिला नाही. उजेड कमी होता असं स्वतःला सांगितलं. दुपारचे तीन वाजले होते.

८ डिसें., रवि
प्लेटा रॉकेलमध्ये धुऊन वेगळ्या केल्या. फोर्क लोहाराकडं नेऊन सरळ केला, सुताला सूत. ठिणगीसाठी मॅग्नेटो खोलला. पॉइंटवर हिरवट बुरशी चढली होती, बारीक पॉलिश पेपरनं घासली. कीक मारली आणि माझाच हात प्लगच्या वायरवर. असा झटका बसला की मी मागं जाऊन भिंतीवर आदळलो. कमल हसली. मला हसू आलं नाही. 
ठिणगी निळी, चांगली पडते.
आता एकच जागा राहिली. तिथं पाना जात नाही.

१० डिसें., मंगळ
युसूफ आता रोज दुपारी येऊन बसतो. आज आपणहून बोलला.
"घाटातल्या वळणाच्या मोडीवर आलो इतलं आठवते. मंग एकदम दवाखान्याचं छतच. मधातलं काहीच नाही."
मी टाकी हलवून गंज काढत होतो. टाकीत खडे घातले की खूप आवाज होतो, बरं वाटतं.
"मी एक्सलेटर सोडलंच नसंल का बे?"
"काऊन?"
"सोडलं असतं तं गाडी काऊन सुटली असती? अब्बा म्हणतात, हवा डोक्यात गेली होती. वर्ष झालं, जेवला का याच्यापरीस जास्त बोलले नाहीत माह्यासंग. मलकापूरवाल्यांनी सोयरीक मोडली. बेफाम पोरगा म्हणे."
 मग म्हणाला, "मलेच माह्यावर भरोसा राह्यला नाही. रस्ता ओलांडताना पाय लटलट कापतात. एकडाव घाट उतरून पाहायचा हाये, बस. आपल्याच्यानं होते का नाही ते."
मी टाकीत आणखी मूठभर खडे टाकले आणि हलवत राहिलो.

११ डिसें., बुध
आज तो आला नाही. शेडाचं दार आतून लावून घेतलं, भर दिवसा. कार्बोरेटर उतरवला.
इंजिनात जाणारी हवा-पेट्रोल कमीजास्त करणारं आतलं नळकांडं पाऊण वर अडकलेलं आहे.
एक्सलेटर सोडलं की नळकांडं खाली बसलं पाहिजे, आत स्प्रिंग त्याचसाठी असते. हँडलवरची मूठ पूर्ण बंद आहे, तार सैल लोंबते आहे, आणि नळकांडं वर. वर्षभर तसंच, त्या मोडीवर जसं होतं तसं. कार्बोरेटरचं टोपण फिरवून ओढलं. तारेतला एक धागा तुटून उलटा वळलाय, माशाच्या काट्यासारखा टोपणाच्या भोकात रुतून बसलाय. केसाएवढा धागा.
अपघाताच्या आठ दिवस आधी एक्सलेटरच्या तारेच्या टोकाचं बोंड निसटलं होतं. नवी तार मुंबईहून मागवली, पण युसूफला घाई. मी जुन्याच तारेला कथलाचा डाग देऊन नवं बोंड लावलं. तार जास्त तापली. निळी पडलेली दिसली होती मला. निळी पडलेली तार ठिसूळ होते हे मला माहीत आहे. चालेल आठ-पंधरा दिवस, असं म्हणालो.
त्यानं सोडलं होतं. मोडीवर येऊन त्यानं बरोबर मूठ सोडली आणि गाडी भरधावच राहिली.
क्लच ओढायला हवा होता त्यानं, असंही मनात आलं. लगेच आलं. मोडीवर दरी समोर असताना कोणाला क्लच आठवतो? मला आठवला असता?


१२ डिसें., गुरु
नवी तार फळीवर पडून आहे. पार्सल अपघातानंतर चार दिवसांनी आलं होतं. ती बसवायची, जुनी नदीत फेकायची. कोणाला काय कळणार? गाडी चालेल. युसूफ घाट उतरेल. सगळे म्हणतील नारायणनं कमाल केली.
दोनदा जेवण तसंच टाकून उठलो तेव्हा कमलनं धरलं. सांगितलं तिला.
ती पीठ मळत होती, हात थांबले नाहीत. "मले कायले सांगता? ज्याले सांगाचं त्याले सांगा."
थोड्या वेळानं म्हणाली, "पण मंग तुमच्याकडं इंजिन कोण आणीन?"
तीही घाबरली. मला वाटलं होतं एकट्यालाच भीती आहे.

१४ डिसें., शनि
सांगितलं नाही.
पायाचा ब्रेक या गाडीला डावीकडं. त्याचा घोटा वळत नाही, म्हणून पेडल लांब करून वर उचललं, अख्खा पाय टेकवता येईल असं. त्याच्या चपलेचं माप घेत होतो, पाय माझ्या मांडीवर. नडगीवर शिवणीच्या खुणा आहेत, अकरा.
म्हणाला, "तुह्या हातावर भरोसा हाये म्हणून तं. दुसऱ्या कोणाले हात लावू देल्ला नसता."
मी माप लिहून घेतलं. चुकीचं लिहिलं, परत घेतलं.
जोर त्या पायात फार नाही. म्हणजे खरा भार पुढच्या ब्रेकवर, हातावर. तिथंही नवी तार घातली.

१६ डिसें., सोम
सांगितलं.
बोलायला जमेना, म्हणून नळकांडं आणि तार तशीच त्याच्या हातात ठेवली. तो बराच वेळ उलटंपालटं करत होता. मग मी बोललो. डाग, निळी तार, सगळं. मधे दोनदा पाणी प्यालो.
"म्हंजे मी सोडलं होतं."
"हाव. तू सोडलं होतं."
"पक्कं?"
"पक्कं. मूठ बंद हाये, पाह्य ना."
त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हसेल. डोळे पुसले त्यानं बाहीनं. मला क्षणभर हलकं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.
मग विचारलं, "तुले कवा समजलं?"
"बुधवारी. उघडली तवा."
"आन् भेव कवापासून होतं?"
खोटं बोलता आलं असतं. "गाडी आणली त्या दिवसापासून."
त्यानं नळकांडं बाकावर ठेवलं, अगदी हळू, काचेचं असल्यासारखं. काठी शोधली. दारात जाऊन पाठमोराच म्हणाला, "अब्बाले सांग. मी नाही सांगणार. तू सांग."

१८ डिसें., बुध
दुकानापर्यंत गेलो. गिऱ्हाईक होतं. परत आलो. काल पण तसंच.
एक्सलेटरची नवी तार बसवली. ग्रीस लावलं. मूठ उघडायची, सोडायची. नळकांडं खाली बसलं की टक् वाजतं. दोनशे वेळा केलं असेल. 

२० डिसें., शुक्र
जुम्म्याची नमाज झाल्यावर हाजीसाहेब दुकानात एकटेच होते. लठ्ठ्याचं ठाण गुंडाळत होते. उभ्यानंच सांगितलं सगळं, बसलो असतो तर तोंड उघडलं नसतं.
ऐकताना ठाण गुंडाळणं चालूच. एकाही वळीला सुरकुती नाही.
"पूरा एक साल, नारायण?"
"जी."
"एक साल मैंने उस बच्चे कू…"  मिशीखाली ओठ हलत होते.
मी थांबलो. शिव्या देतील, ठाण फेकून मारतील, काहीतरी होईल. मारलं असतं तर बरं झालं असतं.
मी चड्डीत होतो तेव्हापासून ते मला 'बेटा' आणि 'तू' म्हणतात. आज म्हणाले, "तुम्ही जा आता."

२२ डिसें., रवि
गाडी सुरू झाली, चौथ्या कीकला. आवाज तोच. कमल दारात आली आणि आत गेली.
मी ठरवलं होतं, घाट आधी मी उतरायचा. मला या गाडीची भीती वाटते, कधीच लपवलं नाही. एरवी गावाच्या वेशीपर्यंत चालवून पाहायचो, बस. आज राजूरवरून घाट चढून वर गेलो. वर पोचल्यावर उतरून रस्त्याच्या कडेला बसलो. एक गुराखी बाई विचारून गेली, पेट्रोल संपलं का.
उतरताना गाडी नुसती ढकलत होती मला. मोडीच्या आधी खालची शेतं दिसतात, भिंगरीसारखी फिरल्यागत वाटली. मूठ सोडली. आवाज पडला. पुढचा ब्रेक दाबला, धरला. मोड गेली.
खाली आल्यावर  उलटी झाली.
सगळं बरोबर आहे. डाग दिला त्या दिवशीही चालेल असंच वाटलं होतं.

२५ डिसें., बुध
कोणी आलं नाही. गाडी तयार उभी. कमलला पिठाच्या गिरणीत युसूफची आई भेटली. म्हणाली, बापलेक एका ताटात जेवले, वर्षानंतर.
"माह्याबद्दल काही बोलल्या का?"
"नाई."
"काहीच?"
"दळण झालं, गेल्या त्या."

२८ डिसें., शनि
सकाळी युसूफ आला. गाडीभोवती एक फेरी मारली. काठी मागच्या बाजूला सुतळीनं बांधली. ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून दोन-तीनदा दाबून पाहिलं. कीक मला मारायला लावली. मग म्हणाला, "बस मांगं."
घाट चढून वर गेल्यावर थांबला, इंजिन चालू.
"उतराचं असंल तं उतर. पायी येशीन."
खरंच उतरावंसं वाटलं.  पण उतरलो असतो तर माझ्या कामावर माझाच भरोसा नाही असं झालं असतं, त्याच्यासमोर. बसून राहिलो.
हात त्याच्या खांद्यावर होते.   तो हळू चालवत नव्हता. मोड आली. मी डोळे मिटले, मग उघडले, की निदान पाहावं. त्यानं मूठ सोडली, आवाज खाली बसला. डावा पाय पेडलवर आपटला, निसटला, परत टेकला. पुढच्या ब्रेकनं गाडी आवरली. कडेचे दगड दोन हातांवरून गेले.
खाली सपाटीवर त्यानं गाडी थांबवली. एवढा मोठा श्वास सोडला की पाठ खाली बसली. मला वाटलं आता वळून बोलेल. समोर कपाशीच्या रानाकडं पाहत होता. मीही पाहिलं. बाया वेचणी करत होत्या.
"चांगली झाली गाडी," म्हणाला. मला म्हणाला की नुसतंच, माहीत नाही.
शेडापुढं उतरवलं. इंजिन बंद केलं नाही. गेला घरी, गाडीवर. ऑइल कधी बदलू, परत कधी दाखवू, हे तो नेहमी विचारायचा.

२९ डिसें., रवि
एक गोष्ट सांगायची राहिली.
पुढच्या ब्रेकची तार नवी आहे. नवी तार पंधरा दिवसांत ताणून सैल पडते, मग ब्रेकचा दांडा मुठीपर्यंत येतो आणि चाक धरत नाही. एकदा आवळून घ्यावी लागते, पाच मिनिटांचं काम. त्याचा सगळा भार त्या ब्रेकवर. काल सांगायचं विसरलो. विसरलो की धीर झाला नाही, आता नीट आठवत नाही.
दुपारी आवाज आला. दारात गेलो. तो समोरून गेला, बुलढाण्याच्या बाजूला. थांबला नाही, पाहिलंही नसेल.
पाना खिशात घालून दुकानापर्यंत जाऊन आलो. हाजीसाहेब गादीवर होते. रस्त्याच्या पलीकडूनच परतलो.
कमल म्हणते, चिठ्ठी पाठवा. चिठ्ठीत काय लिहू? माझ्या हातून परत एक तार राहिलीय, असं?
तो स्वतःच येईल का? की मलकापूरला दुसऱ्या कोणाकडं नेईल? नेली तर तो माणूस तार पाहील ना?
कालपासून धरलं तर अजून चौदा दिवस आहेत. रोज गेला तर कमी.